वरची रेघ

पहिल्या खेपेला त्याचं नाव मी दोनदा रंगवलं.
दांडिया बाजारच्या भिंतींवर मराठीत, चिंतामण पिसाळ.
नवापुऱ्यात शिरलो की गुजरातीत,
म्हणजे अक्षरं जवळपास तीच,
वरची रेघ तेवढी द्यायची नाही.
तो शिडी धरून उभा. म्हणाला, "शिर्के,
रेघ काढली की माणूस पडत नाही ना रे?"
म्हटलं, पडत नाही. थोडा उघडा दिसतो.

एक्केचाळीस मतांनी पडला.
रंगाचे पैसे राहिले. अडीच डबे निळा, एक पांढरा,
हिच्या हिशोबाच्या वहीत अजून आहेत.

तेव्हा सायकल होती, पॅन्टीच्या एका पायाला क्लिप.
कुणाचा नळ कोरडा म्हटलं की ओट्यापाशी बसायचा,
पाइपावर दोन बोटांनी टकटक,
मग कान लावून सांगायचा, हवा आहे, मावशी.
नाहीतर, येतंय, बादली लावा.
बऱ्याचदा खरं निघायचं.
पुढच्या वेळी लोकांनी त्या दोन बोटांना मत दिलं
असं आपलं माझं मत.
पार्टीवाले म्हणाले, लाट होती.

खंडेराव मार्केटात खाली झेंडूचे ढीग
आणि वर ठराव.
टोपल्या ओलांडत तो जिना चढायचा,
उतरायचा तेव्हा चपलेला पाकळ्या.
स्थायी समितीत गेला आणि बूट आले.
बुटाला पाकळी चिकटत नाही.

विधानसभेला पिसाळ गळालं.
"आडनाव फार जागा खातं," गांधीनगरहून आलेला एक पोरगा म्हणाला,
"चिंतुभाई लिहा. मोठं लिहा."
लिहिलं. मराठी गल्लीतसुद्धा बिनरेघेचं.
टिपणीसकाकू गॅलरीतून ओरडल्या,
अहो पेंटर, वरचं राहिलं की!
राहिलं नाही काकू,
वरूनच सांगून आलंय.

पुराच्या वर्षी विश्वामित्री सोसायटीत शिरली.
पतपेढीच्या पायरीवर मगर, आणि होडीत चिंतुभाई,
पुऱ्यांची पाकिटं वाटताना. मागे फोटोवाला.
हे सगळ्यांनी पाहिलं.
रात्री दोनला, दिवे गेलेले असताना,
धोतरासारखी लुंगी खोचून त्यानं आणि मी
टिपणीसकाकूंना खुर्चीसकट खाली आणलं.
जिन्यात तो एवढंच बोलला, "पाय जपून, पेंटर."
फोटोवाला झोपला होता.
हे कुठल्या खात्यात मांडायचं
मला अजून कळलेलं नाही.

लोकसभेला मला निरोपच आला नाही.
ट्रक भरून फ्लेक्स आले.
चेहरा एवढा, की नाकाखालचा तीळ लिंबाएवढा.
ब्रश रॉकेलात बुडवून ठेवले होते, तसेच राहिले.
जिंकला. मतांचा आकडा इतका लांब
की पेपरात वाचताना दोनदा चुकलो.
एक्केचाळीस मात्र पाठ आहे.

भाचा दिल्लीला जाऊन आला, मोबाईलवर फोटो दाखवला.
बंगल्याच्या दाराशी पितळी पाटी, हिंदीत.
चिंतामण पिसाळ. अख्खं नाव.
वर रेघ, सलग, एका दमात ओढलेली.
त्यानं मागून घेतली
की तिकडे सगळ्यांना मिळते,
हे भाच्याला विचारून काय उपयोग.

मग एका दुपारी रावपुऱ्यात, शेव-उसळीच्या दुकानात,
वरच्या टीव्हीवर तो उभा राहिलेला दिसला.
मागे रिकामी बाकं. हातात कागद.
ओठ हलत होते, माइक बंद असावा.
थांबला. इकडेतिकडे पाहिलं.
दोन बोटांनी माइकवर टकटक केली
आणि कान जरासा वाकवला.

"हवा आहे," मी बोलून गेलो, मोठ्यानं.

उसळवाल्यानं मान वर केली,
काय झालं काका, तिखट लागलं?